न पाहिलेल्या सिनेमांची उधारी

रावेर तालुक्यातून एका ताईंचं चार पानी पत्र आलं आहे. जागेच्या मानानं त्यातला मुख्य भाग देते.

«माझं माहेर भुसावळचं. वडील रेल्वेत. पगार झाला की घरादारानं टॉकीजला जायचं, हे ठरलेलं. लग्न होऊन केळीवाल्यांच्या घरात आले, पण नाद सुटला नाही. कुठलं गाणं कुठल्या सिनेमातलं, कुठल्या हिरॉइनचा पहिला पिक्चर कोणता, हे सगळे मलाच विचारतात. घरात माझं नावच 'सिनेमावाली' पडलं आहे.

दिवाळीत नणंदेचा मुलगा पुण्याहून आला होता, सोबत दोन मित्र. गप्पा सिनेमावर गेल्या. त्यानं मोबाईलमधून जगातल्या नावाजलेल्या शंभर सिनेमांची यादी काढली. त्यातले मी पाहिलेले चार निघाले. तो म्हणाला, "मामी, निदान 'पथेर पांचाली' तरी पाहिला असशील?" माझ्या तोंडून निघून गेलं, "हो, कॉलेजात असताना." तर म्हणे, "त्यातली म्हातारी काय काम करते ना!" मी म्हटलं, "हो ना, छान आहे." तो गप्प बसला. कळलं असेल का हो त्याला?

तेव्हापासून मनाला लागलं आहे. रात्री सगळं आवरून अंथरुणात मोबाईलवर तो सिनेमा लावते आणि अर्ध्या तासात माझा डोळा लागतो. आमचे हे म्हणतात, "काबरं जिवाला त्रास करून घेते? झोपून घे." त्यात आता वाचनालयाच्या महिला मंडळानं ठरवलं आहे की महिन्याला एक चांगला सिनेमा दाखवायचा, आणि निवड माझ्यावर सोपवली आहे. सुरुवात कुठून करू? शंभरातले चार पाहिलेली बाई सिनेमावाली कसली? की हे सगळं ढोंगच म्हणायचं?»

ताई, आधी भाच्याचं सांगते. हो, त्याला कळलं. ती म्हातारी म्हणजे इंदिर ठाकरून. तिचं काम चुनीबाला देवींनी केलं, वय ऐंशीच्या घरात, जुन्या काळच्या रंगभूमीवरच्या नटी. कंबरेत वाकलेली, तोंडाचं बोळकं झालेली, चोरून आणलेल्या पेरूसाठी डोळे लकाकणारी ती म्हातारी ज्यानं पाहिली, तो 'छान आहे' एवढ्यावर थांबत नाही. त्याला आपल्या घरातली आत्याबाई आठवते आणि मग तो तिच्याबद्दलच बोलत बसतो. तुम्ही दोन शब्दांत आटोपलं तिथेच पोरगं समजलं. पण चारचौघांत त्यानं तुम्हाला पुढचा प्रश्न विचारला नाही. चांगल्या घरचं पोर आहे, त्याला धरून ठेवा, पुढे कामाला येणार आहे. पुढच्या खेपेला आला की सरळ म्हणा, "तेव्हा थाप मारली होती रे, आता खरंच बघायचा आहे." तो हसेल आणि विषय मिटेल.

आता त्या यादीचं. तुम्ही ती सावकाराच्या वहीसारखी मानेवर घेतली आहे, शंभरातले चार फिटले, शहाण्णव बाकी. पण ही वही लिहितं कोण, ते बघा. 'साइट अँड साउंड' नावाचं ब्रिटिश मासिक 1952 पासून दर दहा वर्षांनी जगभरातल्या समीक्षकांची मतं घेतं. पहिल्या खेपेला पहिला आला इटलीचा 'बायसिकल थीव्ह्ज', तेव्हा त्याला येऊन जेमतेम चार वर्षं झाली होती. 'सिटिझन केन' त्या वर्षी पहिल्या दहातसुद्धा नव्हता. तोच मग 1962 पासून 2002 पर्यंत पाचही वेळा पहिला. 2012 मध्ये त्याला खाली ओढून 'व्हर्टिगो' वर बसला, जो 1958 साली लागला तेव्हा कोणी फारसा डोक्यावर घेतला नव्हता. आणि 2022 मध्ये पहिला आला तो शांताल आकरमन या बाईंनी केलेला, साडेतीन तासांना थोडा कमी असा एक सिनेमा, ज्याचं नाव भाच्याच्या मित्रांनाही धड उच्चारता येणार नाही. त्याच्याकडे मी नंतर येणारच आहे. सांगायचं ते हे, की यादी करणारेच दर दहा वर्षांनी आपलं मत फिरवतात. तिच्यापुढे मान खाली घालायचं तुम्हाला काही कारण नाही.

पण म्हणून 'सगळं थोतांड आहे, आपला दाक्षिणात्य डब पिक्चरच बरा' असं मी म्हणणार नाही. तेही बघा, मीही बघते. त्या यादीतले पुष्कळ सिनेमे खरोखर फार चांगले आहेत, आणि ते तुमच्यापर्यंत आले नाहीत यात तुमचं नुकसान झालं आहे. खरं तर ते एकदा घरापर्यंत आले होते. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी दुपारी वेगवेगळ्या भाषांतले पुरस्कार मिळालेले सिनेमे लागायचे, खाली इंग्रजी अक्षरं. बंगाली, मल्याळी, कानडी. अख्ख्या खान्देशानं त्या वेळेत भरीत-भाकरी खाऊन ताणून दिली. संध्याकाळच्या हिंदी पिक्चरला मात्र ओटा भरून माणसं. आपल्या पिढीत ही झोप सगळ्यांनीच काढली आहे, त्यामुळे तुमच्या डोळा लागण्यात मला काहीच नवल वाटलं नाही.

त्या झोपेचं बघू. पहाटे पाचला उठलेली बाई रात्री साडेदहाला आडवी होऊन, हातभर अंतरावर मोबाईल धरून, न कळणाऱ्या भाषेतला काळा-पांढरा सिनेमा इंग्रजी अक्षरं वाचत बघणार. यात कोणालाही झोप येईल, समीक्षकांनाही येते. वेळ बदला. तुमच्याकडे पाऊस लागायच्या आधी केळी कापणीची धांदल असते, तेव्हा नाद सोडून द्या. दिवाळी ते होळी हा आपला काळ. रविवारी दुपारी जेवणाआधी बसा, जेवणानंतर नको. मोबाईल टीव्हीला जोडून घ्या, गल्लीतलं कुठलंही शाळकरी पोरगं ते पाच मिनिटांत करून देईल. उन्हाळ्यात बघायचाच हट्ट असेल तर कूलरची घरघर लक्षात ठेवा. आपल्याकडच्या मे महिन्यात कूलर बंद करता येत नाही आणि तो चालू असताना मराठी संवादसुद्धा ऐकू येत नाहीत. तेव्हा कमी बोलणारे सिनेमे उन्हाळ्याला राखून ठेवायचे.

आणि सुरुवात बंगालपासून नको. घरापासून करा.

मंडळातल्या बायकांना विचारा, स्मिता पाटील माहीत आहे का? सगळ्या हो म्हणतील. शिरपूरच्या शिवाजीराव पाटलांची लेक, आपली म्हणून छाती फुगवून सांगतो आपण. मग विचारा, तिचा कोणता सिनेमा पाहिला? दहाजणींत आठजणी पावसातल्या त्या 'नमक हलाल'च्या गाण्यावर येऊन थांबतील. 1982 सालचा तो. त्याच 1982 साली जब्बार पटेलांचा 'उंबरठा' आला. त्यातली 'सुन्या सुन्या मैफिलीत माझ्या' ही सुरेश भटांची गझल लतादीदींच्या आवाजात कोणाला पाठ नाही? 'गगन सदन तेजोमय' तर शाळाशाळांतून प्रार्थनेला म्हणतात, तेही 'उंबरठा'मधलंच. गाणी घराघरांत आणि सिनेमा मात्र फार थोड्यांनी पाहिलेला, असं आपल्याकडे याच सिनेमाच्या बाबतीत झालं आहे. शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवरून तो केला. खाऊनपिऊन सुखी घरातली सून, सुलभा महाजन, नवरा आणि लहान मुलगी घरी ठेवून एका महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून लांब निघून जाते. तिथल्या बायका, त्यांच्यावर गावाची नजर, आश्रमाच्या कमिटीतले शहाजोग लोक. शेवट सांगत नाही. एवढंच सांगते की सुलभानं केलं ते बरोबर की चूक यावर तुमच्या मंडळाचे सरळ दोन तट पडतील, आणि सासवा-सुना एकाच बाकावर बसल्या असतील तर आणखीच रंगेल. महिला मंडळाचा पहिला सिनेमा म्हणून माझं मत 'उंबरठा'ला, दुसरा विचारच करू नका.

त्यानंतर 'संत तुकाराम'. 1936 सालचा, प्रभातचा, दामले-फत्तेलालांचा. 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला होता, हे भाच्याला नक्की सांगा, आणि त्यानं तो पाहिला आहे का तेही विचारा. माझा अंदाज, नसेल पाहिला. पुण्यात राहून प्रभातचा सिनेमा न पाहिलेली पोरं मला पुष्कळ भेटतात. तुकारामाचं काम विष्णुपंत पागनिसांचं, जे आधी नाटकात स्त्रीभूमिका करायचे. त्यांच्या चेहऱ्यावरची शांती खोटी वाटत नाही, हे तर सगळेच लिहितात. मला विचाराल तर तो सिनेमा गौरीबाईंचा आहे. त्यांची आवली, म्हणजे जिजाई, म्हैस सांभाळते, पोरं सांभाळते, नवऱ्यावर जीव टाकते आणि त्याच्या विठोबाला शिव्या घालते. पोर तापानं फणफणलेलं असताना ती देवळात जाते, तो प्रसंग बघताना आमच्याकडच्या शेजारीण मावशी मोठ्यानं म्हणाल्या, "बरं केलं व माय!" नव्वद वर्षांपूर्वीचा सिनेमा आहे हे कोणाच्या ध्यानातही राहिलं नाही. त्यातलं 'आधी बीज एकले' हे गाणं ऐकाल तेव्हा तुम्हाला तुकोबांचा अभंगच वाटेल. तो शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिला, आणि भल्याभल्या जाणकारांनी गाथेत तो शोधला म्हणतात. आवाज जुना आहे, प्रत कधी खरखरते, पण भाषा आपली आहे, वाचायला काही लागत नाही.

अमळनेरच्या मंडळींना एक चिमटा काढायचा राहूनच गेला. साने गुरुजी इथे शिकवत होते म्हणून 'श्यामची आई' आपल्या घरचं पुस्तक. अत्र्यांचा 1953 चा सिनेमा, राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले तेव्हा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं पहिलं सुवर्णपदक त्याला. आणि तरी 'पाहिला आहे' म्हणणाऱ्यांतले अर्धे पुस्तकाच्या जोरावर म्हणतात. वनमालाबाईंची आई पुस्तकातल्या आईहून कडक आहे, हे ज्याला माहीत आहे त्यानं खरा पाहिला. तुम्हीही एकदा बघून घ्या, म्हणजे पुढे कोणी थाप मारली तर ओळखता येईल.

मंडळात घरधन्यांनाही बोलवायचं असेल तर दोन नावं. 'सामना' आणि 'मंथन'. 'सामना'त निळू फुल्यांचा हिंदुराव धोंडे पाटील, साखर कारखान्याचा सम्राट, आणि त्याच्या वाड्यावर येऊन पडलेला डॉ. लागूंचा दारुडा मास्तर. मास्तर एकच प्रश्न विचारत राहतो, मारुती कांबळेचं काय झालं? तेंडुलकरांनी लिहिलेला, 1975 साली बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत गेलेला सिनेमा. सहकारातलं राजकारण कसं चालतं हे आपल्या लोकांना वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. बघताना पुरुषांच्या रांगेतून कोणाकोणाची नावं कुजबुजली जातात तेवढी ऐका. 'मंथन' 1976 चा, गुजरातच्या दूध उत्पादकांचा. पाच लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये घालून तो काढला, नावांच्या पाटीत निर्माते म्हणून शेतकरीच आहेत. स्मिता पाटील यातही आहे, आणि तिचा पहिला राग बघण्यासारखा. अलीकडे त्याची प्रत दुरुस्त करून 2024 मध्ये कान महोत्सवात दाखवली, तेव्हा आता चांगली प्रत मिळायला हरकत नाही. ज्या घरात सकाळ-संध्याकाळ डेअरीवर किटली जाते, त्या घरात हा सिनेमा कोणाला कंटाळवाणा वाटला तर मला कळवा.

नव्यांतला 'कोर्ट' सुचवते, चैतन्य ताम्हाणेंचा, 2014 चा. व्हेनिसला बक्षीस, राष्ट्रीय पुरस्कार, ऑस्करला भारतातर्फे गेला, सगळं झालं. टॉकीजला मात्र आपल्याकडे कधी आला आणि कधी उतरला, कळलंच नाही. एका लोकशाहिरावर खटला आहे, पण सिनेमा खटल्यापेक्षा तारखांचा आहे. वाटणीच्या दाव्यासाठी ज्यानं कोर्टाच्या व्हरांड्यात एक दुपार काढली, त्याला तो संथ वाटणार नाही. गीतांजली कुलकर्णी त्यात सरकारी वकील आहे. कोर्टात एका माणसाला आत टाकायला निघालेली ही बाई संध्याकाळी मुलाला घेऊन घरी येते आणि स्वयंपाकाला लागते. ती वाईट आहे का? यावर बोला मंडळात.

एवढं झालं की भाच्याला बोलवा. बाहेरच्या देशांतल्या सिनेमांची अक्षरं इंग्रजीत असतात. पोरगं शेजारी बसून अडेल तिथे सांगेल. पहिला 'बायसिकल थीव्ह्ज', दीड तासाचा, 1948 चा, द सिकांचा. गोष्ट दोन ओळींची आहे. युद्धानंतरचं रोम, माणसाला पोस्टर चिकटवायचं काम मिळतं, अट एकच, सायकल पाहिजे. सायकल गहाण पडलेली, म्हणून बायको घरातल्या चादरी गहाण टाकते. कामाच्या पहिल्याच दिवशी तो सिनेमाचं पोस्टर भिंतीवर डकवत असताना सायकल चोरीला जाते. मग बाप आणि लहान पोरगा गावभर ती शोधतात. बस. कामगाराचं काम करणारा माणूस खरोखर कारखान्यातला कामगार होता. चादरी गहाण टाकायचा प्रसंग लागेल तेव्हा बायकांकडे बघा. पेरणीच्या तोंडावर पाटल्या सोनाराकडे नेऊन ठेवलेल्या बाईला त्यात अक्षरं वाचावी लागत नाहीत.

हाच सिनेमा 1950 साली लंडनमध्ये सत्यजित राय यांनी पाहिला आणि परत येऊन 'पथेर पांचाली' करायला घेतला. तेव्हा ते जाहिरात कंपनीत नोकरी करत होते. पैसे संपले, बायकोचे दागिने गहाण पडले, काम महिनोन्‌महिने बंद राहिलं, शेवटी बंगाल सरकारनं पैसे दिले. पण मला त्यातला सगळ्यात आवडतो तो काशफुलांचा किस्सा. अपू आणि दुर्गा आगगाडी बघायला पांढऱ्या काशफुलांच्या रानातून पळतात, तो सगळ्या जगाला माहीत असलेला प्रसंग. निम्मं चित्रीकरण झालं, आणि पुढच्या आठवड्यात मंडळी परत जाऊन बघतात तर गुरांनी सगळी फुलं खाऊन टाकलेली. फुलं पुन्हा यायला पुढचा हंगाम. थांबले सगळे. शेतकऱ्याच्या घरात हे सांगून बघा, हसतील आणि लगेच माणूस आपल्यातला वाटेल. 1993 मध्ये लंडनला लागलेल्या आगीत त्याच्या मूळ निगेटिव्ह भाजल्या होत्या. इटलीतल्या बोलोन्याच्या प्रयोगशाळेत त्यातलं वाचवता आलं ते वाचवून नवी प्रत केली, 2015 पासून ती बघायला मिळते. तुम्ही मोबाईलवर कुठली तरी जुनी अंधारी प्रत लावत असाल तर झोपेचा निम्मा दोष तिचा. नवी शोधा. मग बघा ती म्हातारी. त्यानंतर भाच्याला काय सांगायचं ते मला विचारायची गरज पडणार नाही.

आता तो 2022 चा पहिला नंबर, ज्याच्या नावातच बाईचं नाव आणि घराचा पत्ता आहे. 'जान दिलमान, 23, के द्यु कॉमर्स, 1080 ब्रसेल्स'. 1975 सालचा. केला तेव्हा आकरमन पंचविशीत होत्या. बाईनं दिग्दर्शित केलेला सिनेमा त्या यादीत पहिला येण्याची ती पहिलीच वेळ. तीन तास एकवीस मिनिटं, आणि होतं काय? एक विधवा बाई तीन दिवस घरकाम करते. बटाटे सोलते, मांस घोळवते, भांडी घासते, मुलाच्या बुटांना पॉलिश करते, खोलीतून बाहेर पडताना दर वेळी दिवा मालवते. कॅमेरा हलत नाही. सगळं पूर्ण दाखवतात, मधे कापत नाहीत. पुण्याच्या पोरांना हा सिनेमा अवघड वाटतो, ते त्यावर निबंध लिहितात. तुम्हाला तो अवघड वाटणार नाही, असं मी पैजेवर सांगते. कारण दुसऱ्या दिवशी तिचे बटाटे जास्त शिजतात. एवढंच. पण तीस वर्षं ओट्यापाशी उभी राहिलेली कुठलीही बाई तिथे ताठ होऊन बसते, हिचं काहीतरी बिनसलंय म्हणून. पोरांना हे कळायला समीक्षा वाचावी लागते. त्या दिवसापासून तिची एकेक गोष्ट हातातून निसटायला लागते, आणि तुम्ही ते तिच्या आधी ओळखता. सूचना एकच. दुपारी तिच्या घरी रोज एक परका पुरुष पैसे देऊन येतो, आणि शेवट भयंकर आहे. तेव्हा मंडळात लावायची घाई नको. आधी एकटीनं बघा, तीन दिवसांचा आहे तर तीन बैठकांत बघा. कट्टर लोक म्हणतील एका बैठकीतच बघायला हवा. त्यांच्या घरी स्वयंपाक कोण करतं ते त्यांना विचारा.

बाकी यादीचं पटकन उरकते. 'सेव्हन सामुराई' बघाच, साडेतीन तासांचा आहे पण 'शोले' आवडलेल्या माणसाला जड जात नाही. दरोडेखोर पीक लुटायला येणार म्हणून शेतकरी लढवय्ये भाड्यानं आणतात, त्यांना भात वाढतात आणि स्वतः भरड धान्य खातात. 'चिल्ड्रन ऑफ हेवन' हा इराणचा, भाऊ-बहीण आणि दोघांत एक बुटांचा जोड, नातवंडं-भाचरं असतील त्या दिवशी. 'सिटिझन केन' पुढच्या वर्षी पाहिला तरी चालेल. आणि सात तासांचा 'सातांतांगो' भाच्याला बघू द्या, त्याला वेळ आहे.

एखादा लावला आणि नाहीच जमला तर उठा. चांगला म्हणून नावाजलेला सिनेमा अर्ध्यात बंद केल्यानं पाप लागत नाही. फक्त 'पाहिला' म्हणू नका, 'अर्धा पाहिला, पुढे जमला नाही' म्हणा. ढोंग असेल तर ते फक्त त्या 'हो, कॉलेजात असताना'मध्ये होतं, बाकी कशात नाही. भुसावळच्या टॉकीजमध्ये पाहिलेले पिक्चर, त्यातली पाठ असलेली गाणी, ते सगळं खरंच आहे. शंभरांच्या यादीत 'पिंजरा' नाही, 'अशी ही बनवाबनवी' नाही. भाच्याच्या मित्रांपैकी किती जणांना 'सांगत्ये ऐका' माहीत आहे? पुण्यात विजयानंदला एकशेएकतीस आठवडे चालला होता म्हणावं. तुमचीही एक यादी करून त्याच्या हातात द्या.

आता मंडळाच्या कामाचं. घरी चार बायका जमून बघणं वेगळं आणि वाचनालयात जाहीर बोर्ड लावून दाखवणं वेगळं. जाहीर दाखवायचं तर सिनेमाचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची लेखी परवानगी लागते, तिकीट नसलं तरी. घरगुती वर्गणी भरून घेतलेल्या अ‍ॅपवरून हॉलमध्ये लावणं नियमात बसत नाही. जुन्या सिनेमांच्या हक्काची चौकशी करायला पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, आणि हक्क कोणाकडे हे सिनेमाच्या सुरुवातीच्या पाट्यांवरूनही कळतं. पत्र वाचनालयाच्या अध्यक्षांच्या सहीनं जाऊ द्या, शिक्का मारून. सिनेमाच्या दिवशी मध्यंतर तुमचं तुम्हीच पाडा, पण चहा मध्यंतराला देऊ नका, शेवटी द्या. मध्यंतराला दिला की निम्म्या बायका कप ठेवून घरी जातात, शेवटी दिला की थांबतात आणि बोलतात.

'उंबरठा'च्या दिवशी तुमच्या सासूबाईंना पहिल्या रांगेत बसवा. त्या काय म्हणाल्या ते मात्र सविस्तर लिहून पाठवा, चार पानं झाली तरी चालतील.